डब्यावरचा हिरवा ठिपका

पावणेसहाला उठायचं असं रिक्के रोज ठरवायची आणि रोज सव्वासहाला जागी व्हायची. ती अर्ध्या तासाची उधारी मग दिवसभर काही फिटायची नाही. दूध उतू जायचं, मोजे सापडायचे नाहीत, दीड वर्षांची आल्वा ओटची लापशी भिंतीला फासायची आणि चार वर्षांचा आस्गर एका पायात बूट घालून दुसऱ्या पायाचा विचार करत बसायचा. नवरा येप्पे समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. घरी असला की माणूस सोन्यासारखा, पण तिकडे असला की त्याचा उपयोग काय तर संध्याकाळी फोनवर मुलांना तोंड दाखवणे, एवढाच. आता बाईने काय काय करावं?

त्यात आस्गरला मासे चालत नसत. चालत नसत म्हणजे आवडत नसत असं नव्हे. दोन वर्षांचा असताना ईस्टरच्या जेवणात कुणीतरी कौतुकाने त्याच्या तोंडात हेरिंग माशाचा एक तुकडा घातला होता. दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले, डोळे मिटले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी वाचवला. पण त्या दिवशी जी भीती रिक्केच्या पोटात शिरली ती काही बाहेर निघाली नाही. लिमफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठचं त्यांचं गाव, शेजारीपाजारी दर दुसऱ्या ताटात मासा. ती बिचारी डोळ्यांत तेल घालून राहायची. असा झटका आला तर मांडीत टोचायची औषधाची एक सुई कायम तिच्या पर्समध्ये, एक घरी, एक बालवाडीत.

आणि ठिपके. तिने दुकानातून हिरव्या गोल ठिपक्यांची पाकिटं आणली होती, मागे गोंद असलेली. कुठलीही वस्तू घरात आली की मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, आणि मासा नाही अशी खात्री पटली की वर एक ठिपका लावायचा. सकाळी डबा भरला की झाकणावरही एक ठिपका. आस्गरला वाचता येत नव्हतं, पण ठिपका कळायचा. दुसऱ्याच्या वाढदिवसाला समोर केक आला तरी तो पठ्ठ्या आधी विचारायचा, हिरवं आहे का? नसलं तर हात मागे. लोक हसायचे. रिक्केला मात्र भरून यायचं, कारण चार वर्षांच्या पोराने आपला जीव त्या एवढ्याशा कागदाच्या टिकलीवर, म्हणजे आपल्या आईवर सोपवलेला होता.

रविवारी सासूबाई आल्या. बिर्थे त्यांचं नाव, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे सून त्यांना नावानेच हाक मारायची. बिर्थे मनाने वाईट नव्हती हो. पण तिची नजर! आल्वाच्या खुर्चीसमोर केचप घातलेला पास्ता, सलग तिसऱ्या दिवशीचा, तो तिने पाहिला. फ्रीज उघडला, त्यातली पाकिटं पाहिली, फ्रीज बंद केला.  नुसतं कोट काढता काढता म्हणाली की येप्पे लहान होता तेव्हा आमच्याकडे पाकिटातलं काही येतच नसे. रिक्केच्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. तिला वाटलं, ही बाई आता गावभर सांगणार की माझी नातवंडं केचपवर वाढतायत. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते खरंच होतं.

जाताना बिर्थेने पिशवीतून चार पत्र्याच्या ट्रे काढून फ्रीजरमध्ये ठेवल्या. घरची लेव्हरपोस्टाय. डुकराच्या कलेजीचं वाटण, ओव्हनमध्ये भाजायचं आणि काळ्या पावावर फासायचं, वर काकडी. तिथली सगळी पोरं त्यावरच वाढतात. दात आले की पहिला घास तोच. म्हणाली, भाज आणि दे मुलांना, तुला वेळ नसतो ना.

मंगळवारी संध्याकाळी मुलांच्या आंघोळी चालू असताना रिक्केने एक ट्रे ओव्हनमध्ये सरकवली. घरभर असा वास सुटला की तिला वाटलं, हे आपलं घरच नव्हे, कुणा बऱ्या बाईचं घर आहे.

बुधवारी सकाळी आल्वाचं अंग कोमट लागत होतं. ती रात्रभर किरकिरली होती. घड्याळात सात वाजून दहा, बाहेर फेब्रुवारीचा काळोख. रिक्केने एका हाताने आल्वाला कमरेवर धरलं आणि दुसऱ्या हाताने पावाच्या तीन कापांवर लेव्हरपोस्टाय फासली. काकडी ठेवली. सफरचंदाच्या फोडी ठेवल्या. आस्गर मोज्यात उभा राहून डब्याकडे बघत होता.

"हिरवं आहे?" त्याने विचारलं.

सवयीने तिने ट्रे उचलून उलटी केली. खाली नुसता पत्रा. अक्षर नाही, काही नाही. एक क्षण तिचा हात थांबला, हे खरं. तेवढ्यात आल्वाने ओठ मुडपून भोकाड पसरलं.

"आजीने केलंय राजा," ती म्हणाली. "घरचं आहे."

आणि तिने झाकणावर हिरवा ठिपका लावला. वर अंगठ्याने दाबलाही. तिला थोडा अभिमानसुद्धा वाटला, उगाच कशाला खोटं सांगा. आज माझ्या लेकराच्या डब्यात पाकिटातलं काही नाही, असं मनात म्हणत ती मुलांना गाडीत कोंबायला धावली.

रिक्केचं काम म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना खाऊपिऊ घालायचं. नगरपालिकेची छोटी पांढरी गाडी, आणि फोनवर यादी. या घरी गोळ्या, बारा मिनिटं. त्या घरी आंघोळ, पंचवीस मिनिटं. दुसऱ्यांच्या आयांना वेळेवर घास भरवायचे आणि आपली पोरं केचपवर, असा तो सगळा मामला. सव्वादहाला ती तिसऱ्या घरी पोचली, टोवे नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंकडे. टोवेबाईंचे पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. रिक्केने फ्रीजमधून दुकानातल्या लेव्हरपोस्टायची डबी काढली, पाव फासला, चार तुकडे केले आणि बशी पुढे ठेवली.

टोवेबाईंनी एक तुकडा चघळला आणि तोंड वाकडं केलं. ही काय लेव्हरपोस्टाय म्हणायची, त्या कुरकुरल्या, यात जीवच नाही. रिक्के हसून म्हणाली की माझ्या सासूने रविवारीच घरची करून दिलीय, उद्या तुमच्यासाठी तुकडा आणते.

"आण, आण," टोवेबाई म्हणाल्या. "घरची असेल तर अँचोव्ही घातले असतील तिने. डबीतले ते खारवलेले मासे गं. या भागातली कुठलीही बाई त्याशिवाय करतच नाही. मग कुठे चव येते."

रिक्केच्या हातातली सुरी तशीच राहिली. आधी तिला काही वाटलंच नाही. मग तिने टेबलाची कड धरली. मासे. ती ट्रे. तो कोरा पत्रा. झाकणावर दाबलेला अंगठा.

तिने बिर्थेला फोन लावला. दोनदा भलताच नंबर लागला.

"बिर्थे, त्या लेव्हरपोस्टायमध्ये अँचोव्ही आहेत का?"

"आहेत की. सहा घातलेत," पलीकडून बिर्थे खुशीत म्हणाली. "आणि डबीतलं पाणी दोन चमचे. का गं, आवडली ना?"

"मी आस्गरच्या डब्यात दिलीय ती."

"अगं पण ते मासे कुठे, तो तर मसाला असतो," बिर्थे म्हणाली. आणि वाक्य संपता संपता तिचा आवाज बसला. चाळीस वर्षं ती ती डबी दालचिनी-मिऱ्यांच्या कप्प्यात ठेवत आली होती. मासा म्हणजे ताटात असतो तो. हा तर चिमूटभर घालायचा मसाला. बाईने वाईट हेतूने केलं नव्हतं, पण हेतू घेऊन काय चाटायचंय?

रिक्केने फोन ठेवला. दहा वाजून बावीस. आस्गरचा गट अकराला जेवतो. आणि आज बुधवार, म्हणजे सगळी पोरं बसने वनात गेलेली. तिने बालवाडीत फोन लावला. कार्यालयातली मुलगी म्हणाली, ते तिकडे पोचलेत, पण झाडीत फोन लागत नाही, मी करत राहते, करत राहते. रिक्केने कोट घेतला, पर्स घेतली, मग टोवेबाईंकडे पाहून जागीच थांबली. त्यांना अर्ध्या जेवणावर टाकून जायचं म्हणजे नोकरीवर पाणी. टोवेबाईंनी हात हलवला.

"नीघ," त्या म्हणाल्या. "पाव मला चावता येतो."

गाडी सुरू करतानाच तिने ११२ ला फोन जोडला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, मुलाला आत्ता काय होतंय?  मला माहीत नाही, रिक्के म्हणत राहिली, मी तिथे नाहीये, मी तिथे नाहीये. बाईने पत्ता विचारला, वनाचं नाव विचारलं, रुग्णवाहिका पाठवते म्हणाली, पण चाळीसेक मिनिटं लागतील. सुई आहे का तुमच्याकडे? आहे. मग नीट चालवा, बाई म्हणाली.

नीट चालवा! चौदा किलोमीटरचा अरुंद रस्ता, आणि चौथ्या किलोमीटरला पुढे शेणखताची टाकी ओढणारा ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंना चर. तिने हॉर्न वाजवला, दिवे मारले. ट्रॅक्टरवाल्याने खुशाल हात वर करून तिला नमस्कार केला. अकराला जेवतात, ती स्वतःशी पुटपुटत होती, अकराला जेवतात, अजून वीस मिनिटं आहेत. मग आणखी एक विचार आला. बाकी कुणी काहीही दिलं असतं तर आस्गरने विचारलं असतं, थांबला असता, खाल्लं नसतं. आज तो विचारणार नव्हता. आज त्याच्याकडे ठिपका होता. जगात एकच माणूस त्याला फसवू शकत होतं आणि नेमकं त्यानेच फसवलं होतं. ती मोठ्याने रडायला लागली, आणि रडता रडताच ट्रॅक्टर वळताच त्याच्या बाजूने गाडी काढली. आरसा कशाला तरी घासला. घासू दे मेला.

वनाच्या तोंडाशी बस उभी होती. पुढे लाकडी आडवा दांडा, कुलूपबंद. बसवाल्याने सांगितलं, आत एक किलोमीटर, शेकोटीच्या जागी. दहा वाजून त्रेपन्न. ती पळत सुटली. कामाचे बूट चिखलात रुतत होते, वाऱ्याबरोबर बर्फाचं पाणी तोंडावर येत होतं. सात मिनिटं आहेत, तिला वाटलं, सात मिनिटं आहेत. असं वाटत असतानाच तिला धूर दिसला आणि पोरांचा आवाज आला, आणि तो खेळणाऱ्या पोरांचा आवाज नव्हता. तोंडात घास असलेल्या पोरांचा होता. गारठा फार म्हणून आज त्यांना पावणेअकरालाच जेवायला बसवलं होतं.

ओंडक्यांवर सगळी ओळीने बसलेली, मांडीवर डबे. ओळीच्या टोकाला साठीचे पाल्ले मास्तर आस्गरसमोर गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या एका हातात सुईची पेटी होती आणि दुसऱ्या हातात डब्याचं झाकण. पावाच्या तीन कापांतला एकच उरला होता.

"हिरवं आहे, रिक्के," तिला पाहताच ते म्हणाले. बिचाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ओठ लाल दिसले म्हणून मी पेटी काढली, पण मी पुन्हा पुन्हा बघतोय, हिरवं आहे."

"नाहीये," ती ओरडली. "मासा आहे त्यात."

आस्गरचे ओठ जाड झाले होते. गळ्यावर लाल चट्टे. तो दोन्ही हातांनी कोटाची कॉलर ओढत होता, आणि श्वासाबरोबर ती शिट्टी. दोन वर्षांपूर्वीची तीच शिट्टी. आईला पाहून तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"आई, घशात काहीतरी अडकलंय," तो म्हणाला, आणि मग, "हिरवं होतं ना?"

 तिने त्याला चिखलात आडवं केलं, बर्फात घालायच्या जाड कपड्यांची चेन खालपर्यंत ओढली, मांडी मोकळी केली, पर्समधली सुई काढली. निळं टोपण काढायचं. केशरी टोक मांडीला लावायचं. दाबायचं. हे तिने येप्पेच्या उशीवर शंभर वेळा करून पाहिलं होतं. उशी हलत नाही. आस्गर किंचाळला. तिने दाबून धरलं आणि दहापर्यंत मोजलं, आणि मोजताना तिला वाटलं की आठनंतर काय येतं ते आपण विसरलो आहोत. पाल्ले मास्तरांनी दुसरी सुई तयार ठेवली आणि मदतनीस मुलीला किल्ली देऊन दांडा उघडायला पिटाळलं. बाकीची पोरं डबे मांडीवर घेऊन बघत होती. एकीने आपलं गाजर खाली ठेवून दिलं.

मग वाट पाहायची. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान त्याच्या तोंडाशी नेला. शिट्टी होती. जोवर शिट्टी आहे तोवर श्वास आहे.  थांबू नकोस, ती त्या शिट्टीला म्हणत होती, थांबू नकोस गं बाई. किती वेळ गेला कोण जाणे. गाडीचा आवाज झाडांतून आला तेव्हा शिट्टी बारीक झाली होती, आणि बारीक होणं म्हणजे बरं की वाईट, हे तिला कळत नव्हतं. बरं होतं. तोंडावर ऑक्सिजनची नळी लावल्यावर पाच मिनिटांनी आस्गरने डोळे उघडून विचारलं, माझा डबा कुठंय?

दवाखान्यात त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं म्हणाले. असा त्रास कधीकधी उलटून येतो म्हणे. येप्पेला निरोप गेला, पण समुद्र खवळलेला, हेलिकॉप्टर उद्याच. टोवेबाईंकडे कामावरून दुसरी बाई पाठवली होती, बाकीचं पुढे बोलू असा कचेरीतून फोन आला. रिक्केला ते ऐकूही आलं नाही.

तीनच्या सुमाराला बिर्थे आली, पाळणाघरातून आणलेल्या आल्वाला कडेवर घेऊन. ती दारातच उभी राहिली. सकाळपासून ती म्हातारी झाली होती. रिक्केने वाटेत, चिखलात, गाडीत, सगळीकडे तिला काय काय सुनवायचं ते जुळवून ठेवलं होतं. 

"मी त्याला मासा समजतच नव्हते," बिर्थे म्हणाली.

"आणि मी न वाचता ठिपका लावला," रिक्के म्हणाली. "तू केलंस म्हणून. तुझ्यासारखं घरचं देतेय म्हणून मी खूष होते."

बिर्थेने मान हलवली आणि खुर्चीत बसली. आल्वाला शांत करता करता तिच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ती पुसत नव्हती.

आस्गर उठून बसला होता. ओठ उतरले होते, पोटात कावळे ओरडत होते. परिचारिकेने त्याला पेल्यात सरबत आणि कोरड्या बिस्किटांचं पाकीट आणून दिलं. हे चालतं, डॉक्टरांनी पाहिलंय, असं सांगून ती गेली. आस्गरने पाकीट हातात घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग ते न उघडता रजईवर ठेवलं.

रिक्केचा हात पर्समध्ये गेला. ठिपके तिथेच होते, अर्धं पाकीट उरलं होतं. एक काढून चिकटवायचा की झालं. तिने तो बोटावर काढलाही. आणि आस्गर त्या बोटाकडे बघत होता, ठिपक्याकडे नव्हे, बोटाकडे. तिचा हात पुढे जाईना. उद्या हा कशावर विश्वास ठेवणार, आणि विश्वास ठेवलाच नाही तर खाणार काय, याची भीती वनातल्यापेक्षा मोठी होती. ही भीती सुईने जाणारी नव्हती.

तिने ठिपका परत पाकिटाला चिकटवला. बिस्किटं उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचायला लागली. गव्हाचं पीठ. साखर. सूर्यफुलाचं तेल. सातूचं पीठ. मीठ. प्रत्येक शब्दावर बोट ठेवत, सावकाश. शेवटच्या ओळीपर्यंत, कारखान्याच्या गावाच्या नावापर्यंत.

"मासा नाही," ती म्हणाली.

आस्गरने विचार केला.

"परत वाच," तो म्हणाला.

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. गव्हाचं पीठ. साखर. सूर्यफुलाचं तेल. बिर्थे खुर्ची ओढून जवळ आली आणि तीही त्या अक्षरांवर वाकली. दुसऱ्यांदा संपल्यावर आस्गर पुन्हा म्हणाला, परत. तिसऱ्यांदा मीठ आलं तेव्हा त्याने हात पुढे केला, एक बिस्किट घेतलं, कोपरा कुरतडला आणि आईच्या तोंडाकडे बघत चावायला लागला. ती वाचत राहिली.